जगात जर्मनी, लिटरमागे परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याच्या मनात नेमकं काय होतं यावर आमच्या गावात जेवढे पार तेवढी मतं आहेत. पेट्रोलपुरतं मात्र एकमत आहे. राज्यात भाव चढला की वाहिन्यांना पहिली आठवण परभणीची होते. एरवी आमचं नाव मुंबईच्या बातम्यांत यायचं म्हणजे कृषी विद्यापीठातला पारा तळाला जावा लागतो. पारा उतरला की आम्ही बातमीत, पेट्रोल चढलं की आम्ही बातमीत. मधल्या काळात आम्ही नुसते राहतो.

कारण अगदी साधं आहे. आमचं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतं. अंतर जवळपास तीनशे किलोमीटर. टँकर वाटेत स्वतः डिझेल पीत पीत येतो आणि त्याच्या पिण्याचे पैसे आमच्या भावात लागतात. म्हणून मुंबईपेक्षा आम्हाला लिटरमागे दोन-तीन रुपये जास्त. ज्याचा पगार मोठा त्याला पेट्रोल स्वस्त आणि ज्याचा रस्ता मोठा त्याला महाग, अशी ही व्यवस्था आहे. रस्ता मोठा म्हणजे लांबीला. रुंदीबद्दल आणि खड्ड्यांबद्दल पुन्हा कधीतरी.

मी गणिताचा मास्तर. सेवेतून निवृत्त झालो, पण त्रैराशिकातून झालो नाही. इतक्या माणसांनी इतकी भिंत इतक्या दिवसांत बांधली, तर तितक्या माणसांना किती दिवस लागतील, हे आयुष्यभर फळ्यावर सोडवलं. पुढे मुलगी लग्न होऊन जर्मनीत गेली, पुतण्या नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला आणि साडू निवृत्त होऊन सावंतवाडीला राहायला गेले. सौभाग्यवतींच्या दृष्टीने ही घरची माणसं पांगली. माझ्या दृष्टीने तीन ठिकाणचे भाव घरबसल्या कळायची सोय झाली. लोक परगावच्या नातेवाइकाला आधी पाऊसपाणी विचारतात. मी विचारतो, ‘‘आज काय लिटर?’’

‘‘अहो, पोरगी रडवेली होऊन आईशी बोलायला फोन करते आणि तुम्ही तिला पेट्रोल विचारता?’’ असं आमच्या घरात एकदा झालं आहे. पोरीने रडवेल्या आवाजातच भाव सांगितला होता. मास्तरची मुलगी आहे.

बाहेरच्या भावांकडे वळण्याआधी आपल्या भावाच्या पोटात काय काय आहे ते पाहिलं पाहिजे. मूळ तेल आहे, रिफायनरी आहे, वाहतूक आहे, पंपवाल्याचं कमिशन आहे, केंद्राचं उत्पादन शुल्क आहे आणि त्या सगळ्यावर राज्याचा व्हॅट आहे. म्हणजे करावरही कर. पण खरी मौज आहे ती अधिभारात. 2015 मध्ये राज्यात दुष्काळ पडला, म्हणून पेट्रोलवर लिटरमागे 2 रुपये अधिभार बसला. मराठवाड्याच्या माणसाने दुष्काळही आपलाच आणि त्याचा अधिभारही आपलाच म्हणून तो गोड मानला. मग 2017 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागू झाला. सरकारचा दारूतला महसूल बुडणार, म्हणून एप्रिलमध्ये, तोवर 6 रुपयांवर पोचलेला पेट्रोलवरचा अधिभार 9 रुपयांवर नेण्यात आला. मी सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. पण त्या वर्षी स्कूटरची टाकी भरताना, अनोळखी माणसांनी न घेतलेल्या पेगांचे पैसे मी भरत होतो. दारू प्यायल्याने संसार बुडतो हे लहानपणापासून ऐकलं होतं. न प्यायल्यानेही कुणाचा तरी बुडतो, हे तेव्हा कळलं.

पुढे 2021 उजाडलं आणि पेट्रोल शंभरीच्या उंबऱ्याशी आलं. भोपाळकडे काही पंपांवरच्या जुन्या यंत्रांना रुपयाचे तीन आकडे दाखवताच येईनात. ज्याने ते यंत्र बनवलं त्याला, पेट्रोल कधी शंभरावर जाईल असं वाटलंच नव्हतं. त्या अनामिक इंजिनिअरला माझा नमस्कार. इतका भाबडा विश्वास यंत्रात बसवून ठेवणारी माणसं आता होत नाहीत.

अशी सगळी तयारी मनात घेऊन 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे निघालो. जावई ट्रिअर नावाच्या गावात असतात. कार्ल मार्क्सचं हे जन्मगाव. फ्रँकफर्टहून गाडीने निघालो. ऑटोबानवर पंप लागला, भावाचा फलक दिसला आणि माझ्या डोक्यातलं त्रैराशिक सुरू झालं. दोन युरोच्या वर! युरो नव्वद रुपयांचा. मी बायकोकडे पाहिलं. परभणीचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वस्ताईतून आल्यासारखा बसला होता.

‘‘बाबा, तो भाव खरा नाही,’’ जावई म्हणाले. ‘‘ऑटोबानवर कुणी भरत नाही. गावात तीस-चाळीस सेंट कमी असतो.’’

‘‘मग हे पंप चालतात कुणावर?’’

‘‘ज्यांचा काटा लाल रेघेला टेकलाय त्यांच्यावर.’’

आमचाही टेकला होता. जावयाचा चेहरा शांत होता, पण एसी बंद झाला, गाडीचा वेग उतरला आणि मुलगी ‘‘तू नेहमी असंच करतोस’’ हे वाक्य मराठीत म्हणाली. पैसा वाचवताना जीव टांगणीला लावण्याची ही तऱ्हा मला ओळखीची वाटली आणि जावई एकदम आपले वाटू लागले.

गावात आल्यावर कळलं की तिथेही भाव असा काही नसतोच. आपल्याकडे 2017 च्या जूनपासून रोज सकाळी सहाला भाव ठरतो, आणि निवडणुका जवळ आल्या की तो तेवढाही हलत नाही. जर्मनीत तेव्हा भाव दिवसातून कितीतरी वेळा बदलायचा. पंपावर इलेक्ट्रॉनिक फलक आहे, त्यावर आकडे सकाळी चढायचे, दुपारी डुलक्या घ्यायचे आणि संध्याकाळी उतरायचे. 2013 पासून तिथल्या पंपांना प्रत्येक बदल सरकारी यंत्रणेला तत्काळ कळवावा लागतो आणि तो मोबाइलवर सगळ्यांना दिसतो. ग्राहकाचं हित साधावं म्हणून हे केलं. त्याने ग्राहकाचं हित किती झालं मला माहीत नाही, पण जावयांचं जेवण रोज गार व्हायचं. ताट वाढलेलं आणि हे मोबाइलकडे बघत म्हणायचे, ‘‘आणखी दोन सेंट उतरेल. सातच्या पुढे जाऊ.’’ शेअर बाजारातला माणूस परवडला, तो निदान साडेतीनला घरी येतो.

त्या फलकावर शेवटी एक छोटासा नऊ असतो, वर उचलून लिहिलेला. सेंटचा दहावा भाग. एक पूर्णांक चौऱ्याहत्तर आणि वर नऊ. म्हणजे पावणेदोन युरोच, पण पावणेदोन म्हणायचं नाही. आमच्या बाटा चपलांच्या दुकानाखेरीज ही शालीनता मी कुठे पाहिली नव्हती. शेजारच्या ऑस्ट्रियाने 2011 पासून नियमच केला होता की पंपवाल्याने भाव दिवसातून एकदाच, दुपारी बाराला वाढवायचा. उतरवायचा कितीही वेळा. मला तो नियम आवडला. वाढणाऱ्या गोष्टीला वेळ ठरवून दिली की माणूस त्या वेळी मन घट्ट करून बसू शकतो.

पण ट्रिअरचा माणूस यातल्या कशाचीच पर्वा करत नाही, कारण त्याच्या हाकेच्या अंतरावर लक्झेंबर्ग आहे. पंधरा-वीस मिनिटं गाडी हाकली की नदीवर पूल लागतो, पलीकडे वासरबिलिग नावाचं गाव. ना नाका, ना पोलीस, ना पावती. आणि मग रस्त्याच्या कडेने पंप. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. गावात माणसं राहतात असं म्हणतात, मला तरी फक्त नोझल दिसले. लक्झेंबर्गमध्ये सरकार कमाल भाव ठरवून देतं, त्यामुळे सगळ्या पंपांवर एकच आकडा, आणि तो जर्मनीपेक्षा वीसेक सेंटने कमी. जर्मन गाड्या, बेल्जियन गाड्या, फ्रेंच गाड्या, सगळ्या शिस्तीत रांगेत. त्या देशात विकल्या जाणाऱ्या इंधनाचा मोठा भाग परक्यांच्या टाक्यांतच जातो. शेजाऱ्याचा कर चढा ठेवावा आणि आपला थोडा उतरता, एवढ्या एका विचारावर त्यांच्या खजिन्याचं बरं चाललं आहे.

जावयांनी पंचेचाळीस लिटर भरलं. नऊ युरो वाचले. मी मनात आठशे दहा रुपये मांडले आणि पुण्य लागल्यासारखं वाटलं. मग आम्ही पैसे द्यायला आत गेलो. तिकडे आधी भरायचं आणि मग दुकानात जाऊन नंबर सांगून पैसे द्यायचे. ‘‘आणि कुणी तसाच निघून गेला तर?’’ मी विचारलं. ‘‘कशाला जाईल?’’ जावई म्हणाले. या प्रश्नाचं मला चटकन उत्तर सुचलं होतं, पण पाहुण्याने गप्प बसावं.

आत कॉफीच्या पाकिटांची भिंत रचलेली. जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोमागे 2.19 युरो वेगळा कर आहे, लक्झेंबर्गमध्ये नाही. म्हणून पेट्रोलला आलेला जर्मन कॉफी घेतो, सिगारेटवाला सिगारेट घेतो. आमच्या लेकीने सहा पाकिटं कॉफी घेतली, जावयांनी चॉकलेटं घेतली, सौभाग्यवतींना एक फुलदाणी आवडली. वाचलेल्या नऊ युरोंपायी पन्नासच्या वर खर्च करून आम्ही मार्क्सच्या गावी परतलो. गावात मार्क्सचा उंच पुतळा आहे, 2018 मध्ये चीनने भेट दिलेला. भांडवलाचा इतका खोल विचार करणारा माणूस या गावात जन्माला आला, ते का, हे मला त्या संध्याकाळी थोडं समजलं.

हा सगळा प्रकार साडूंना फोनवर सांगितला तर ते मुळीच चकित झाले नाहीत. ‘‘सर, यात नवीन ते काय? आम्ही बांद्याच्या पुढे पत्रादेवीला हेच करतो.’’ 2012 मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट 20 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आणला होता आणि भाव एका झटक्यात 11 रुपयांनी उतरला होता. पुढे तो कर हळूहळू परत चढला, पण सिंधुदुर्गापेक्षा गोव्यात लिटरला आठ-नऊ रुपये कमीच राहिले. साडू टाकी भरायला सीमेपार जातात. येताना काय आणतात हे मी विचारलं नाही. कॉफी नसावी.

या बाबतीत जगातला सगळ्यात कडक बंदोबस्त सिंगापूरचा. आपले लोक जोहोरला जाऊन मलेशियाचं स्वस्त पेट्रोल भरतात हे पाहून त्यांनी 1989 मध्ये कायदा केला की देश सोडणाऱ्या गाडीची टाकी निम्मी तरी भरलेली हवी. लोक निम्मी टाकी घेऊन जाऊ लागले आणि उरलेली निम्मी तिकडे भरू लागले. मग 1991 पासून पाऊण टाकी. म्हणजे नाक्यावर माणसाचा पासपोर्ट तपासायचा आणि गाडीचा काटा. मलेशियानेही 2010 पासून ठरवलं की अनुदानाचं 95 ऑक्टेनचं पेट्रोल परदेशी गाड्यांना द्यायचं नाही, त्यांनी महागडं 97 घ्यावं. तरी तिथल्या पंपांवर सिंगापूरच्या पाट्यांच्या गाड्या गदागदा हलवून, हवेचे बुडबुडे बाहेर काढून, आणखी दोन घोट पेट्रोल आत बसवणाऱ्या माणसांची चलतचित्रं फिरत असतात. महागड्या गाड्या आणि इस्त्रीचे शर्ट. मला ती पाहून फार दिलासा मिळतो.

आता ऑक्टेनचं. ट्रिअरच्या पंपावर सौभाग्यवतींनी नोझलवरचे आकडे वाचले. 95, 98, आणि एका ठिकाणी चक्क 102. ‘‘आणि आपल्याकडे?’’ त्यांनी विचारलं. ‘‘एक्क्याण्णव,’’ मी म्हणालो. त्या गप्प झाल्या. ही शांतता मला ठाऊक आहे. शेजारच्या मुलाचा निकाल ऐकून आल्यावर घरात असते ती.

आणि खरंच, ऑक्टेन आकडा हा दहावीच्या टक्क्यांसारखाच आहे. ठिणगी पडायच्या आत, नुसत्या दाबाने भडकायचं नाही, एवढाच या परीक्षेचा विषय. 1926 च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी मोजपट्टी ठरवली. आयसो-ऑक्टेन या शांत द्रवाला शंभर, आणि हेप्टेन या भडकू द्रवाला भोपळा. हे शुद्ध हेप्टेन त्या काळी जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या चिकापासून मिळत असे. म्हणजे शून्य गुणांचा विद्यार्थीही खास डोंगरातून शोधून आणावा लागला होता. तुमचं पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणासारखं वागेल, तेवढे त्याचे मार्क. मग शंभरावर 102 कसे? आपल्याकडे खेळाचे आणि चित्रकलेचे वाढीव गुण धरून शंभर टक्के होतात, मग पेट्रोललाही रसायनांचे वाढीव गुण मिळायला काय हरकत आहे!

पुढे बोर्डांचा घोळ आहे. एक परीक्षा सौम्य, तिचा निकाल रॉन. दुसरी कडक, इंजिन जास्त फिरवून आणि तापवून घेतलेली, तिचा निकाल मॉन. युरोपात आणि आपल्याकडे सौम्य परीक्षेचे मार्क पंपावर लावतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लावतात. त्यामुळे पुतण्या जेव्हा न्यू जर्सीहून खिन्नपणे म्हणाला, ‘‘काका, आमच्याकडे साधं पेट्रोल 87 चं,’’ तेव्हा सौभाग्यवतींना बरं वाटलं. ते 87 म्हणजे आपलं 91-92 च, बोर्ड वेगळं, हे मी त्यांना सांगितलं नाही. घरात आनंदाचे प्रसंग कमी असतात. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या उंच डोंगरी राज्यांत तर 85 चंही पेट्रोल मिळतं. हवा विरळ, दाब कमी, म्हणून उत्तीर्ण होण्याची अट शिथिल.

दहावीच्या टक्क्यांवर पुढचं आयुष्य ठरत नाही, तसं ऑक्टेनवर गाडीचं पळणंही ठरत नाही. ज्या इंजिनाची बांधणी 91 वर चालायची आहे त्याला 100 पाजलं तरी ते 91 सारखंच चालणार. पण हे परभणीच्या पंपावरच्या पोराला कोण सांगणार?

‘‘काका, प्रीमियम टाकू का? गाडी लई पळती बघा.’’

‘‘पळून जायचंय कुठं? स्टेशन रोडला?’’

‘‘मग साधं संपलंय.’’

हे ‘मग’ फार भारी आहे. त्या एका शब्दात कितीतरी देशांचं इंधन धोरण सामावलेलं आहे.

न्यू जर्सीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. अमेरिकेत सगळीकडे लोक आपलं आपण भरतात, पण न्यू जर्सीत 1949 पासून कायदा आहे की गिऱ्हाइकाने नोझलला हात लावायचा नाही. पंपावरचा माणूसच भरणार. ऑरेगन राज्यात असाच कायदा होता, त्यांनी 2023 मध्ये तो सोडला. न्यू जर्सीने सोडलेला नाही. एडिसनमध्ये एवढा मराठी माणूस का जमला याची लोक नाना कारणं देतात. मला हेच पुरेसं वाटतं. काच खाली करायची, ‘फुल’ म्हणायचं आणि झिरो बघायचा. पुतण्या अजून झिरो बघतो. तो भरणारा माणूस गोंधळतो म्हणे.

त्याचा भाव ऐकताना मात्र माझं डोकं फिरतं. सव्वातीन डॉलर, पण गॅलनला. गॅलन अमेरिकेचा, म्हणजे 3.785 लिटरचा. ब्रिटिशांचा 4.546 चा, तो वेगळा. तेव्हाच्या डॉलरने त्रैराशिक मांडलं तर लिटरला बहात्तर रुपयांच्या घरात आलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कर गॅलनला 18.4 सेंट, तो 1993 पासून तसाच आहे. लिटरमागे चारेक रुपये. जर्मनीचा ऊर्जाकर लिटरलाच 65.45 सेंट, वर 19 टक्के व्हॅट. जर्मन माणूस एका लिटरवर जेवढा कर देतो तेवढ्यात पुतण्याला अख्खं लिटर मिळतं आणि वर सुटे पैसे परत येतात.

‘‘बघा काका, इथे किती स्वस्त!’’ पुतण्या म्हणतो. तो रोज शंभर किलोमीटर एकटा, सात माणसांच्या गाडीतून ऑफिसला जातो. जावई म्हणतात, ‘‘बाबा, महाग आहे म्हणून तर मी आठवड्यातून चार दिवस सायकलने जातो.’’ साडू म्हणतात गोवा चांगला. आमचे पारावरचे एक मित्र म्हणतात जर्मनीत दीडशे, म्हणजे आपलं सरकार चांगलं. दुसरे म्हणतात अमेरिकेत सत्तर, म्हणजे आपलं सरकार वाईट. पेट्रोलच्या भावाची तुलना करणारा प्रत्येक माणूस उत्तर आधी लिहितो आणि मग त्याला जुळेल असं गणित मांडतो. माझ्या वर्गात असं करणाऱ्याला मी बाकावर उभा करत असे. आता सगळेच माझ्या वयाचे, गुडघे दुखतात, कुणाला उभं करणार?

तरी मास्तर म्हणून एकदा मी मांडणी बदलून पाहिली. रुपये नकोत, युरो नकोत. मजुरी घ्या. 2024 मध्ये जर्मनीत किमान वेतन तासाला 12.41 युरो होतं. आठ तास राबलेल्या माणसाच्या हातात, कापाकापी सोडली, तर पन्नास लिटरची टाकी भरून वर थोडं उरेल एवढा पैसा. त्याच वर्षी आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. परभणीच्या भावाने तीन लिटरही नाही. पारावर हे सांगितलं तर दोन्ही बाजूचे मित्र एकदम म्हणाले, ‘‘सर, तुम्ही विषय भलतीकडे नेता.’’

तेल ज्यांच्या अंगणात आहे त्यांचं तरी सुखाने चालावं? नॉर्वे समुद्रातून तेल उपसतो, जगाला विकतो, पैसे नातवंडांच्या नावाने फंडात टाकतो आणि स्वतःच्या लोकांना पेट्रोल चढ्या भावाने देतो. सोनाराच्या बायकोला दागिना विकत घ्यायला लावावा असा प्रकार. व्हेनेझुएलाने उलट केलं. तिथे 1989 मध्ये पेट्रोल आणि बसभाडं वाढवल्यावर काराकासमध्ये अशी दंगल उसळली की पुढच्या सरकारांनी त्या भावाला हात लावायचा धसका घेतला. कित्येक वर्षं पेट्रोल जवळजवळ फुकट. टाकी भरणाऱ्याला दिलेली बक्षिशी बिलापेक्षा मोठी. पाण्याची बाटली तर फारच पुढची गोष्ट. आणि मग इतक्या तेलाच्या देशात पंपांवर रांगा लागल्या.

जावयांच्या शेजारी एक वृद्ध जर्मन गृहस्थ राहतात. त्यांची जुनी गाडी ते रविवारी पुसतात. त्यांना मी खुणांनी आणि जावयांच्या मदतीने विचारलं की दहा टक्के इथेनॉलचं ई-10 पाच-सहा सेंटने स्वस्त आहे, मग तुम्ही महागडं ई-5 का घेता? त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि मान हलवली. 2011 मध्ये जर्मनीत ई-10 आलं तेव्हा साऱ्या देशाने अशीच मान हलवली होती. लोक ते घेईनात, पंपांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, शेवटी मार्चमध्ये अर्थव्यवस्था मंत्री राइनर ब्रुडर्ले यांना ‘पेट्रोल परिषद’ भरवावी लागली. एवढ्या इंजिनिअरांचा देश दहा टक्के अल्कोहोलला घाबरला. मी मनात हसलो.

पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, आपल्याकडे वीस टक्के आलं. तेव्हा हसू आवरावं लागलं, कारण आमच्या पारावर नेमक्या त्याच माना हलत होत्या. फरक एवढाच की जर्मन माणसाला शेजारच्या नोझलमध्ये ई-5 मिळत होतं, आमच्याकडे सगळ्या नोझलांत एकच प्रसाद. इथेनॉलची उष्णता लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं पडणारच, हे मी फळा नसताना समजावून सांगितलं. पण त्याचे ऑक्टेन मार्क भरपूर, शंभराच्या वर. म्हणून मिश्रणाचे मार्क वाढून आपलं साधं पेट्रोलही 95 वर गेलं. क्लास न लावता, पेपर न फोडता, निव्वळ इथेनॉलच्या जोरावर परभणीने चार टक्के वाढवले. सौभाग्यवतींना सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘मार्क वाढले आणि पोरगं कमी पळायला लागलं. आजकाल असंच चाललंय.’’

आमच्या एका माळकरी मित्राला वेगळीच चिंता होती. ‘‘सर, ते इथेनॉल म्हणजे शेवटी तीच ना?’’

‘‘तीच.’’

‘‘म्हणजे आधी तिचा तोटा आपण पेट्रोलमधून भरून दिला, आणि आता तीच पेट्रोलमध्ये?’’

‘‘गाडीला पाजायची. आपण नाही प्यायची.’’

‘‘पण पैसे आपणच द्यायचे?’’

याला गणितात उत्तर नाही.

परवा जावयांचा फोन आला. आवाजात उत्साह होता. ‘‘बाबा, आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. आता पेट्रोलचं टेन्शन संपलं.’’ मी अभिनंदन केलं आणि एका श्वासात विचारलं, ‘‘युनिट काय पडतं?’’ पस्तीसेक सेंट, ते म्हणाले, घरी लावली तर. रस्त्यावरच्या चार्जरला जास्त, आणि ऑटोबानवर तर विचारू नका. ‘‘तुमच्याकडे परभणीत काय भाव आहे, बाबा?’’

तेव्हापासून वीजबिल घेऊन बसलो आहे. स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, वहन आकार आहे, वीज शुल्क 16 टक्के आहे, आणि मधेच इंधन समायोजन आकारही आहे. वहन आकार म्हणजे टँकर नसतानाही वाहतूक आहेच. पहिल्या शंभर युनिटांना एक भाव, पुढे दुसरा. युनिटचा खरा दर याच कागदावर कुठेतरी असणार. लेकीने फोनवर दोनदा विचारलं, त्यांचं तिकडे जेवण थांबलं आहे म्हणे.